वरची वाडी

वरच्या वाडीत आम्ही पाच घरं उरलो.
झोऱ्यांची तीन, कोकऱ्यांचं एक,
आणि ठकूआत्तेचं, ज्यात आता ठकूआत्तेही
पावसाळ्यापुरतीच असते.

खालचं गाव बारा वाड्या मोजतं,
तेरावी मोजायला वर कोण चढणार?
पालखी चढावाच्या पायथ्याला वळते.
आम्ही मानात नाही, वर्गणीत आहोत.
आणि दुधात.
रोज पहाटे दोन कासंड्या घेऊन दीड कोस उतरते मी
नाट्याच्या बंदरात, जिथे बर्फाच्या लाद्या फोडत असतात
आणि कोपऱ्यावरच्या बाई माप भरताना विचारतात,
"आज पाणी घातलंयस का गं, सगुणा?"
हसते मी.
माघ सरला की पाणी आम्हांलाच नसतं, बाई,
तुमच्या दुधात कुठून घालू?

झरा होता. अजूनही आहे,
फक्त तो आता काळ्या पाइपातून
आंब्याच्या नव्या बागेत जातो, पाच हॉर्सपॉवरने.
सातबारावर झऱ्याचं नाव नसतं.
म्हशीचं तर नसतंच.
बमूकाकाने एका रात्री कोयत्याने पाइप कापला,
पहाटेपर्यंत म्हशी पोटभर प्यायल्या,
आणि तो तिथेच बसून राहिला, पळाला नाही.
ठाण्यात त्याला गाव विचारलं. त्याने सांगितलं.
गावाला विचारलं.
गाव म्हणालं, आमच्यातला नव्हे तो, वरचा.
त्याच्या तीन म्हशी कोंडवाड्यात आटल्या.

चिरेखाणीत पाणी आहे, हिरवं.
पण यंत्राने कापलेल्या खाणीला पायरी नसते.
आमची मोरी उतरली कशी, देव जाणे.
दोन दिवस खालून हंबरत होती
आणि बापू वरून तिच्याशी बोलत होता.

सड्याच्या टोकाला कातळात कोरलेलं एक जनावर आहे.
कुणी कोरलं, आमच्यात कुणी विचारलं नाही.
बापू म्हणतो, म्हैस.
ब्रश आणि फितं घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, हत्ती असावा,
दहा हजार वर्षांपूर्वीचा, कदाचित त्याहून जुना.
बापूने बोटांवर काही मोजलं
आणि म्हणाला, बापरे, किती वेतं झाली असतील!
त्याच्या पोटाच्या खळग्यात कार्तिकापर्यंत पाणी राहतं.
आमच्याकडे रेडकाचं पहिलं पाणी तिथलं.
ताई भल्या होत्या. हे वहीत लिहून घेतलं,
बापूचा फोटो काढला, चहा घेतला, पेला स्वतः विसळला.
पुढच्या महिन्यात जाळी आली.
फाटकाला कुलूप, वर निळी पाटी.
मी वाचून दाखवली:
आत जनावरांना सक्त मनाई आहे.
बापू बराच वेळ जाळीला धरून उभा.
"मग आतल्याला कुठं नेणार म्हणतात?"

चांदी चैत्रात व्याली, अवेळी.
काजूला कुंपण, बागेला कुंपण, सडा तांबडा करपलेला,
पेंढ्याची गंजी कुणब्यांकडून उसनी आणलेली,
त्यांनीही या वर्षी पैसे आधी मागितले.
त्यांचं तरी काय चुकलं? त्यांची भातं रस्त्यात गेली.
तिसऱ्या दिवशी रात्री मी प्यायच्या पाण्यातली कळशी उचलली.
खाली समुद्रावर ट्रॉलरचे दिवे, ओळीने,
जणू तिकडे एक मोठं गाव आहे
आणि तिथल्या वाड्या कुणीतरी नीट मोजल्यात.
जाळी कमरेच्या वर येते.
हात लांबवून ओतलं.
अर्धं कातळाने पिऊन टाकलं,
उरलेलं खळग्यात चमकलं, दोन ओंजळीइतकं.
रेडकाने तोंड लावलं. मान जाईना.
जीभ गेली.

सकाळी कासंडी पावशेर कमी भरली.
बाईंनी विचारलंच.